सालब मिसरी : पुडीतला कंद आणि त्याचे खरे वतन



गेल्या हिवाळ्यात आमच्या मुरुममधले शिवणकाम करणारे एक भाई माझ्या कापड दुकानात एक पुडी घेऊन आले. त्यांच्या वालिदा लांबच्या आजारातून उठल्या होत्या. कुणीतरी ताकदीसाठी सालम मिश्री दुधातून द्यायला सांगितले, म्हणून त्यांनी शहरातल्या एका दुकानातून ती आणली. तीन दिवसांच्या शिलाईची कमाई त्या एका पुडीत गेली होती. पुडीवरची चिठ्ठी उर्दूत होती आणि मी उर्दू शाळेत शिकलेला, म्हणून ते माझ्याकडे आले. म्हणाले, "चाचा, ये सच्ची है क्या देखो."

चिठ्ठी मी वाचून दाखवली. त्यावर 'सालब मिसरी' असे स्वच्छ लिहिले होते. पण आत जे होते ते सालब मिसरी आहे की नाही, हे मला सांगता येईना. कापड हातात घेतले की सूत किती आणि पॉलिएस्टर किती हे मी अंदाजाने सांगतो. या वाळक्या तुकड्यांपुढे मात्र मी अडाणी ठरलो. मग एका जुन्या अत्तारांना भेटलो, वनस्पतींची पुस्तके पाहिली, जाणकारांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहे. आपल्यापैकी अनेक जण जडीबुटी, सुका मेवा आणि मसाल्याच्या धंद्यात आहेत. जे नाहीत ते गिऱ्हाईक तरी आहेतच.

नावाचा घोटाळा

आपल्याकडे बोलताना 'सालम मिश्री' म्हणतात. त्यामुळे कित्येकांना ही खडीसाखरेची एखादी जात वाटते. उर्दूत हा शब्द से, ऐन, लाम, बे असा लिहितात, म्हणजे सअलब. अरबीत सअलब म्हणजे कोल्हा. या वनस्पतीला जमिनीखाली दोन गोल कंद शेजारी शेजारी असतात. त्यांच्या आकारावरून जुन्या अरब हकीमांनी तिला 'कोल्ह्याचे वृषण' या अर्थाचे नाव दिले. ग्रीक लोकांनीही हाच आकार पाहून तिला 'ऑर्किस' म्हटले. आज जगभर ज्या फुलांना ऑर्किड म्हणतात, त्या साऱ्या घराण्याचे नाव याच शब्दावरून पडले. मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात.

ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने पहिल्या शतकात या कंदांविषयी लिहिले. त्याचा ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आला आणि हुनैन इब्न इसहाक यांनी तो तर्जुमा तपासून दुरुस्त केला. पुढे तेराव्या शतकात अंदलुसचे इब्न अल्-बैतार यांनी आपल्या औषधकोशात त्याची नोंद घेतली. तेथून हे औषध युनानी तिबमध्ये पक्के बसले. माजून सालब हे त्याचे प्रसिद्ध रूप. निजामाच्या काळात आपला हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा हकीमांच्या चिठ्ठीवर हे नाव नेहमीचे असे.

राहिला 'मिसरी' हा शब्द. मिसर म्हणजे इजिप्त. खडीसाखरेलाही मिसरी नाव मिसरवरूनच मिळाले. पण नाव मिसरचे असले तरी हे झाड नाईलकाठचे नव्हे. माल ज्या बाजारातून येतो त्याचे नाव त्याला चिकटते, हे आपण व्यापारी जाणतोच.

झाडाचे खरे वतन

सालबचे कंद एकाच जातीच्या झाडाचे नसतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत जमिनीत वाढणाऱ्या आमरीच्या अनेक जाती आहेत आणि खोदणारे त्यांतल्या मिळतील त्या काढतात. त्यांपैकी एक महत्त्वाची जात म्हणजे 'अनाकॅम्प्टिस मोरिओ'. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनीयस यांनी १७५३ साली तिला 'ऑर्किस मोरिओ' असे नाव दिले होते. १९९७ साली शास्त्रज्ञांनी तिचे घराणे नव्याने तपासून नाव बदलले. जुन्या तिब्बी आणि औषधी पुस्तकांत पहिले नाव सापडेल. झाड एकच आहे.

हे झाड युरोपात बऱ्याच ठिकाणी, तसेच तुर्कस्तान, शाम, कॉकेशस आणि इराणपर्यंत आढळते. उंची जेमतेम अर्धा ते सव्वा फूट. एका दांड्यावर जांभळी, कधी गुलाबी, क्वचित पांढरी फुले लागतात. फुलाच्या वरच्या पाकळ्या टोपीसारख्या जुळलेल्या असतात आणि त्यांवर हिरव्या शिरा दिसतात. या जातीची ती ठळक खूण होय.

आता ते कुठे वाढते ते पाहू. आपल्याला वाटेल, इतकी किमती वस्तू काळ्याभोर कसदार जमिनीत येत असेल. तसे नाही. आमच्या गावाचे नाव मुरुम. मुरमाड जमीन म्हणजे काय हे येथे कुणाला शिकवावे लागत नाही. सालबचे झाड अशाच गरीब जमिनीचे आहे. जुनी चराऊ कुरणे, चुनखडीचे डोंगरउतार, काटेरी झुडपांचे माळ, जैतूनच्या जुन्या बागा, पाइनची विरळ जंगले ही त्याची घरे. समुद्रकाठापासून दीड हजार मीटरहून उंच डोंगरापर्यंत ते सापडते. मात्र जमीन नांगरलेली नको आणि तीत खत टाकलेले नको. खत पडले की गवत माजते आणि हे लहानसे झाड त्याखाली गुदमरते. मेंढ्या चरत असल्या की गवत आखूड राहते, म्हणून मेंढपाळांची जुनी कुरणे त्याला मानवतात. चराई अजिबात बंद झाली तरी झुडपे वाढून त्याची जागा जाते, आणि फार झाली तरी फुले खाल्ली जातात.

तेथील ऋतूही आपल्या उलट. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून हे झाड पावसाच्या सुरुवातीला, शरद ऋतूत, पाने काढते. हिवाळाभर ती पाने जमिनीला टेकून हिरवी राहतात. मार्च ते मे या काळात फुले येतात. उन्हाळा लागला की वरचा सगळा भाग सुकतो आणि झाड कंदाच्या रूपाने जमिनीत झोपते. आपल्या सह्याद्रीतल्या जमिनीवरच्या आमरी याच्या उलट पावसाळ्यात वर येतात. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे पावसाळ्यात अशा पांढऱ्या आमरी फुललेल्या दिसतात.

एका झाडाला किती वर्षे लागतात

या झाडाच्या बोंडात हजारो बिया असतात, पण बी धुळीच्या कणाएवढे. गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, तशी यात काहीच नसते. जमिनीतल्या विशिष्ट बुरशीशी त्याची गाठ पडली तरच त्या बुरशीकडून अन्न घेऊन ते रुजते. गाठ पडली नाही तर बी वाया जाते. रुजल्यावरही फूल यायला कित्येक वर्षे लागतात.

फुलात मधही नसतो. रंग पाहून हिवाळ्यानंतर नुकतेच बाहेर पडलेले भुंगे फसून येतात आणि रिकाम्या तोंडाने जाता जाता एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावतात. फसलेले गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येत नाही, तसे भुंगेही येत नाहीत. म्हणून थोड्याच फुलांना फळ धरते.

आता जमिनीखालचा हिशेब पाहा. दोन कंदांपैकी एक जुना आणि एक नवा. जुन्या कंदातले अन्न वापरून या वर्षीचे पान-फूल झाले, म्हणून तो सुरकुतलेला असतो. नवा कंद पुढच्या वर्षासाठी भरलेला असतो. जुना कंद म्हणजे खर्च झालेली रक्कम आणि नवा म्हणजे पुढच्या हंगामाचे भांडवल. खोदणाऱ्याला हवा असतो तो भरलेला नवा कंद. काही जण जुना कंद परत पुरतात, पण तो रिकामा झालेला असतो. त्यात फूल दिसल्याशिवाय गवतात झाड ओळखू येत नाही, म्हणून खोदाई नेमकी फुलोऱ्यात होते. म्हणजे बी पडायच्या आधीच भांडवल उचलले जाते.

काढलेले कंद धुतात, उकळत्या पाण्यात किंवा दुधात टाकून त्यांची रुजण्याची शक्ती मारतात, दोऱ्यात माळ ओवून वाळवतात. वाळल्यावर एका किलोत साधारण एक हजार ते चार हजार कंद बसतात. आपल्या तोळ्याच्या हिशेबाने एका तोळ्यामागे बारा ते सत्तेचाळीस झाडे गेली. पुडी उघडताना हा आकडा मनात ठेवावा.

खप कुठे होतो

खरा मोठा खप औषधाचा नाही, खाण्यापिण्याचा आहे. तुर्कस्तानात हिवाळ्यात दूध, साखर आणि सालबचे चूर्ण उकळून वर दालचिनी भुरभुरलेले गरम पेय घेतात. त्याला ते 'सालेप' म्हणतात. अरब मुलखात त्यालाच 'सहलब' म्हणतात. कहरमानमराश या शहराचे घट्ट, ताणले जाणारे आइस्क्रीमही सालबवरच उभे आहे. ते सुरीने कापून खातात. लंडनमध्येही चहा-कॉफी सर्वांना परवडण्याआधी मजूर लोक रस्त्यावर सालबचे स्वस्त पेय पीत असत.

या चिकटपणाचे कारण म्हणजे कंदातला ग्लुकोमॅनन नावाचा पदार्थ. पाण्यात तो फार फुगतो, म्हणून थोड्याशा चूर्णाने बरेचसे दूध दाट होते. पोटाला तो मऊ पडतो, म्हणून आजारातून उठलेल्यांना देण्याची चाल पडली असावी. ताकदीची जी मोठमोठी वर्णने केली जातात त्यांना कंदाच्या आकारावरून बांधलेल्या जुन्या समजुतीचा आधार जास्त आहे आणि तपासलेल्या पुराव्याचा कमी. आजाऱ्याने हकीम किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

मागणी वाढली तशी तुर्कस्तानातली कुरणे रिती होऊ लागली. तेथील सरकारने जंगली कंदांच्या निर्यातीवर बंदी घातली. मग खोदाईचा भार शेजारच्या इराणवर पडला. तेथेही दरवर्षी लाखो झाडे उपटली जाऊ लागली.

आपल्या बाजारात काय येते

आपल्याकडे हा माल पूर्वी इराण आणि काबूलच्या वाटेने येई. त्या नावाखाली आज निदान चार प्रकारच्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, खरी सालब मिसरी. लहान, गोल किंवा लांबट अंडाकृती कंद, मळकट पिवळट रंगाचे.

दुसरी, सालब पंजा. ही हिमालयातली आमरी असून तिचा कंद हाताच्या पंजासारखा बोटे फुटलेला असतो. काश्मीरपासून नेपाळपर्यंतच्या उंच कुरणांत ती मिळते. तीही खोदाईमुळे धोक्यात आली आहे.

तिसरी, अमरकंद. ही आपल्याच जंगलांतली आमरी. सह्याद्री आणि सातपुड्यातले आदिवासी बांधव तिचे कंद खातात. सालब म्हणून तिचेही तुकडे विकले जातात.

चौथी, जी आमरीच नाही. सफेद मुसळीच्या मुळ्या किंवा शतावरीचे तुकडे यात येतात. चूर्ण असेल तर पिठाची भेसळ आलीच. ही लबाडी आजची नव्हे. इंग्रजी अमलातल्या औषधी ग्रंथांतही बटाटे कुटून त्यात गोंद घालून केलेल्या 'बनावटी सालब'ची नोंद आहे.

पारख कशी करावी

अत्तारांनी मला जे शिकवले ते सांगतो. एक, चूर्ण घेऊ नये, अख्खा कंद घ्यावा. चुर्णात काय मिसळले ते डोळ्यांना कळत नाही. दोन, खरा कंद शिंगासारखा कठीण असतो आणि सहज फुटत नाही. तोडला तर आत तंतू दिसत नाहीत. उजेडात धरला तर कडा थोड्या पारदर्शक वाटतात. मुसळी लांब आणि बारीक असते, तिची लांबट सुरकुती लपत नाही. तीन, रात्रभर पाण्यात ठेवावा. खरा कंद फुगतो आणि बोटाला बुळबुळीत लागतो. या तीन गोष्टींनी ढोबळ लबाडी पकडता येते. मात्र आमरीच्या कोणत्या जातीचा कंद आहे हे त्यावरून कळत नाही. ते प्रयोगशाळेचे काम आहे.

शिंपी भाईंच्या पुडीतले तुकडे आम्ही रात्रभर भिजवले. सकाळी पाहिले तर फक्त दोन कंद गोल फुगले होते. बाकी सारी मुसळी होती. मुसळी विष नव्हे, तिचेही गिऱ्हाईक आहे. पण भाईंनी मुसळीचे पैसे दिले नव्हते. ते पुडी घेऊन परत गेले. दुकानदाराने अर्धे पैसे परत केले आणि म्हणाला, "माल वरूनच असा येतो, मी काय करू?" मला वाटते तो खरे बोलत असावा. त्यानेही चिठ्ठी वाचूनच माल घेतला होता.

कायदा काय म्हणतो

धोक्यातल्या वनस्पती आणि प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा एक करार आहे. त्याला साईट्स म्हणतात. भारत १९७६ पासून आणि तुर्कस्तान १९९६ पासून त्यात आहे. आमरीचे संपूर्ण घराणे या कराराच्या याद्यांत येते, म्हणून तिचे जंगली कंद परवान्याशिवाय एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाहीत. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यामुळे या करारातल्या वस्तूंसाठी देशातल्या कायद्यातही स्वतंत्र प्रकरण आले. घाऊक माल घेणाऱ्याने पक्के बिल आणि माल कोणत्या देशाचा आहे याचा कागद मागावा. कागद नसेल तर स्वस्तातला मालही महाग पडू शकतो.

हल्ली उमराहून परतताना काही लोक इस्तंबूलला थांबतात आणि तेथून सालेपची पाकिटे भेट म्हणून आणतात. त्यांतली पुष्कळशी पाकिटे पीठ, साखर आणि वासाची असतात आणि सालब नावापुरती. पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. खरे चूर्ण किंवा कंद आणायचे असतील तर आधी परवान्याची चौकशी करावी.

मग पर्याय काय

येथे सालबची शेती करावी असे कुणी सुचवले तर सावध राहा. हिवाळ्यातला पाऊस नाही, ती बुरशी नाही, ते कुरण नाही. तुर्कस्तानातच लागवडीचे प्रयत्न चालू आहेत आणि ते काम संथ आहे.

दूध दाट करायचे असेल तर ग्लुकोमॅनन दुसऱ्या ठिकाणीही मिळते. चीन आणि जपानमध्ये कोंजाक नावाच्या कंदाची शेती होते. तो आपल्या सुरणाचा चुलतभाऊ. त्याचे पीठ शेतातून येते, जंगल उपटून नव्हे. सफेद मुसळीची शेतीही महाराष्ट्रात होते. ती मुसळी म्हणूनच, मुसळीच्या भावाने विकावी. त्यात कमीपणा काही नाही.

मी कापडवाला, म्हणून माझ्या धंद्याचेही सांगतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी बाहेरचा माल तिच्या नावाने खपवला जातो. यात नुकसान विणकराचे होते. सालबच्या धंद्यात नाव एकाचे आणि माल दुसऱ्याचा झाला की गिऱ्हाईक फसते, आणि माल खरा निघाला तर डोंगरावरचे झाड जाते. दोन्हीकडून तोटाच. म्हणून या वस्तूचा व्यवहार जितका कमी आणि जितका उघड, तितका बरा.

पैगंबरसाहेबांचा (स.अ.) बाजारातला तो प्रसंग आपण सारे जाणतो. धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. विक्रेता म्हणाला पाऊस पडला होता. त्याला विचारणा झाली की ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही. पुडीच्या धंद्याला हा प्रसंग जसाच्या तसा लागू पडतो. जे आत आहे तेच चिठ्ठीवर असावे, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असे सांगावे.

शिंपी भाईंच्या वालिदा आता चालत्या-फिरत्या आहेत, अल्हम्दुलिल्लाह. त्यांना आम्ही साधी नाचणीची खीर द्यायला सांगितले होते. ते दोन गोल कंद माझ्या गल्ल्यात आहेत. कुणी सालम मिश्रीविषयी विचारले की मी ते काढून दाखवतो आणि सांगतो, ही एवढी दोन झाडे होती.

अल्लाहतआला आपल्या तिजारतीत बरकत देवो. आमीन.